हातानं बांधलेली गठडी

मित्रांनो, मी एक जुनी गठडी आहे. लगेच नाक मुरडू नका. मी कपड्यांची नाही, भांड्यांची नाही आणि माझ्यात झुरळंबिरळं काही नाहीत. मी कॉम्प्युटरमधली गठडी. कुणी एखादा प्रोग्रॅम लिहिला, की त्याच्या सगळ्या फायली गोळा करून, दाबून, त्यांची एकच मोठी फाईल बांधतात आणि ती जगाला देतात. तशी मी एक. माझ्या पोटात एक लायब्ररी आहे. तिथं पुस्तकं शोधू नका हं. कॉम्प्युटरच्या जगात लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी उसनं घ्यावं असं तयार काम. माझ्यातल्या लायब्ररीचं नाव 'बोलकी'. लिहिलेलं वाक्य दिलं, की ती ते बोलून दाखवते.

मला बांधलं काकांनी. काका रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. स्वभावानं भले, पण बोलायला भारी कंजूष. त्यांच्या बायकोला सगळे काकूच म्हणत. काकू बालवाडीत शिकवायच्या आणि त्यांच्या तोंडाला झाकण म्हणून नव्हतं. भाजी घ्यायला गेल्या तर भाव विचारायच्या आधी भाजीवाल्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची. गोष्ट सांगायला बसल्या, की पोरं घरी जायचं नाव काढत नसत. न्यायला आलेले आईबापही दारात ताटकळत ऐकत राहायचे. घरी काका तारा जोडत बसलेले आणि समोर काकूंचं अखंड चालू. "अहो, ऐकताय ना?" "हं." "मग मी काय म्हणाले?" "हं." असा त्यांचा संसार सुखानं चालला होता.

मग काकूंचा घसा बसला. बोलून बोलून बसला असेल म्हणून सगळे हसले, काकूसुद्धा. पण तो काही सुटेना. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही.

काका घरी आले ते सरळ मागच्या खोलीत गेले. दारंखिडक्या बंद केल्या, भिंतींवर जाड पांघरुणं टांगली, मधोमध खुर्ची मांडली आणि माइक लावला. काकूंना म्हणाले, "बस. वाच."

"काय वाचू?"

"काहीही. सगळं वाच. बोलत राहा."

"अगंबाई! लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुम्ही मला बोल म्हणताय."

ज्या बटणाला फिरवायची गरज नव्हती, ते काका उगाच फिरवत राहिले. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत काकू रोज त्या खोलीत बसल्या. शब्द वाचले, वाक्यं वाचली, बालवाडीतल्या झाडून सगळ्या गोष्टी सांगितल्या. आवाज घोगरा होता, मधेच चिरकायचा, पण काकूंचाच होता.

ऑपरेशननंतर घर इतकं शांत झालं, की नळाचं थेंबथेंब पाणीही ऐकू यायचं. काकांना कॉम्प्युटरवर थोडंफार लिहिता येत होतं, बाकीचं ते धडपडत शिकले. काकूंच्या आवाजाचे त्यांनी बारीक बारीक तुकडे केले आणि कोणतंही वाक्य आलं तर ते तुकडे कसे जोडायचे, ते लिहिलं. हे सगळं जमलं तेव्हा त्यांचे केस चांगलेच पांढरे झाले होते. एका दुपारी त्यांनी काकूंपुढे कीबोर्ड सरकवला. काकूंनी एका बोटानं काहीतरी टाइप केलं आणि कॉम्प्युटर काकूंच्या आवाजात म्हणाला, "चहा कोण करणार?"

काका चहा करायला आत गेले. चहा कधीचा उकळून गेला, तरी स्वयंपाकघरातून बाहेर येईनात.

आता जरा कामाचं सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. प्रोग्रॅमची अक्षरं, म्हणजे कोड, काकांनी इंटरनेटवरच्या एका उघड्या कोठारात ठेवला होता. कुणीही यावं, वाचावं, सुधारावं. पण काकूंचा आवाज पडला जड. एवढ्या मोठ्या फायली ते कोठार घेईना. म्हणून आवाज काकांनी घरीच ठेवला. नवी आवृत्ती काढायची वेळ आली, की ते स्वतः बसून कोठारातला कोड आणि घरचा आवाज एकत्र करायचे, आणि वर 'कच्चं' नावाचं एक फोल्डरही घालायचे. त्यात त्या खोलीतली मूळ ध्वनिमुद्रणं होती, कापाकापी न केलेली. हा माणूस वाकडा खिळासुद्धा टाकून द्यायचा नाही, तर हे कुठलं टाकतोय! मग गठडी बांधून ते तिचा ठसा काढायचे. ठसा म्हणजे गठडीतल्या अक्षर न अक्षराचा हिशेब करून निघणारी एक लांबलचक खूण. आत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी ठसा बदलतो.

अशी मी जन्मले. बोलकी, आवृत्ती २.४. काकांनी मला त्यांच्या स्वतःच्या लहानशा वेबसाइटवर ठेवलं.

पण मला एक बहीण होती. ते कोठार दर आवृत्तीला आपोआप एक गठडी बांधतं, माणसाचा हात न लागता. त्यात फक्त कोड. ती सडसडीत, मी ढोली. दोघींवर लेबल मात्र एकच.

मला पारखून घेतलं ते गाठवालीनं. ही दिवसा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. लेबल वाचल्याशिवाय रक्ताच्या नळीला हात लावायची नाही. उरलेल्या वेळात ती एका गटाबरोबर फुकट काम करायची. जगभरचे प्रोग्रॅम तपासून, नीट बांधून, साध्या माणसाला एक बटण दाबलं की मिळतील असे तयार ठेवायचे, हा त्या गटाचा उद्योग. म्हणून सगळे तिला गाठवाली म्हणत. तिनं दोघी बहिणींना शेजारी ठेवलं, उघडून पाहिलं आणि मला घेतलं. आपल्या बांधणीच्या कृतीत, म्हणजे पायऱ्यांच्या यादीत, माझा ठसा लिहून ठेवला. काकांना कळवलं, "काका, गठडी फार नीट बांधली आहे." काकांनी ते काकूंना वाचून दाखवलं. मग काकू झोपाळलेल्या असताना पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

काय दिवस होते ते! ज्यांचा ज्यांचा आवाज गेला होता, त्यांच्या घरी मी पोचले. एक निवृत्त बसचालक काकूंच्या आवाजात आपल्या भावाशी कडाकडा भांडायचा म्हणे. काकूंनी ते ऐकलं तेव्हा त्यांचे खांदे हसून हसून गदगदत होते. काकू स्वतःही 'बोलपाटी' नावाच्या प्रोग्रॅमवर टाइप करायच्या आणि तो बोलायचं काम माझ्यातल्या बोलकीकडून करून घ्यायचा. काकूंच्या लेकीला मुलगी झाली. ती दूर दुसऱ्या गावी. त्या नातीला कळायला लागल्यापासून आजी म्हणजे फोनवरचा तोच घोगरा आवाज. सुटीच्या दुपारी आजीनं गोष्ट सांगायची, असा नेमच होता.

नात रांगत होती तेव्हाच काका गेले. हिवाळ्यातल्या एका सकाळी ते उठलेच नाहीत. त्यांच्या मागं वेबसाइटकडे कोण बघणार? ती बंद पडली. लेकीनं आईला नवा कॉम्प्युटर आणून दिला आणि काकांचा जुना भंगारात गेला. आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही. तिला बोल लावत नाही मी. दुःखात माणसाला पसारा नकोसा होतो.

बोलकीचा कोड मात्र चार भल्या माणसांनी पुढे चालवला. त्यांनी चुका दुरुस्त केल्या आणि २.५ काढली. हातानं गठडी बांधायची असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कोठारानं आपोआप बांधलेली सडसडीत तेवढी आली.

त्याच सुमारास कुठंतरी एक भलताच प्रकार घडला. कुणीतरी हातानं बांधलेल्या गठडीत, उघड्या कोडमध्ये नसलेलं काहीतरी विषारी लपवून दिलं. सगळे हादरले. गाठवालीच्या गटानं नियम केला, की हातच्या गठड्या बंद. कोठारातून थेट निघेल तेच घ्यायचं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण नियम बरोबर होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथं प्रश्न लाखो लोकांच्या कॉम्प्युटरचा होता.

गाठवालीनं नियमाप्रमाणे २.५ घेतली. या वेळी शेजारी ठेवून बघायला दुसरी गठडीच नव्हती. बोलपाटीची अट होती, "बोलकी हवी, २.४ किंवा पुढची कोणतीही." २.५ पुढचीच, अट पूर्ण. चाचणीत एकच प्रश्न होता: आवाज येतो का? आला. कारण काकांनी अडीअडचणीला म्हणून कोडमध्येच एक सपाट आवाज घालून ठेवला होता. आवाजाचं फोल्डर सापडलं नाही, तर तो बोलायचा. कुणाचाच नसलेला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. सगळीकडे हिरव्या खुणा उमटल्या. मला उचलून जुन्या फायलींच्या मशीनवर टाकलं आणि नवी घरोघरी गेली. नवी बसते तेव्हा जुनी पुसली जाते, हे तुम्हाला माहीत असेलच.

पुढचं मला गाठवालीच्या टेबलावर कळलं, पण सांगते तसंच्या तसं.

सुटीची दुपार होती. काकूंनी फोन लावला, गोष्टीचं पहिलं वाक्य टाइप केलं आणि तो डब्यातला आवाज बोलला. पलीकडून नात म्हणाली, "कोण बोलतंय? आजीला द्या ना."

काकूंनी घाईघाईनं टाइप केलं. डब्यातला आवाज म्हणाला, "अगं मीच आहे. आजी."

"नाही! तू आजी नाहीस! आई, ही बाई आजीचा फोन घेऊन बसलीये!" आणि पोर भोकाड पसरून रडायला लागली.

काकूंनी कॉम्प्युटरचं झाकण मिटलं. दुसऱ्या दिवशी उघडलं नाही, तिसऱ्याही नाही. शेजारीण आली तर मान हलवायच्या, नाहीतर कागदावर दोन अक्षरं लिहायच्या. लेक धावत आली. तिनं सगळी बटणं दाबून पाहिली, बंद करून चालू केलं, स्पीकर बदलला. काही उपयोग झाला नाही. काकूंनी कागदावर लिहिलं, "जाऊ दे. दोनदा गेला माझा आवाज. आता सवय आहे." लेकीनं तो कागद चुरगळला आणि फोन उचलला. विचारत विचारत ती गाठवालीपर्यंत पोचली.

"आवाज येतोय ना?" गाठवालीनं विचारलं.

"येतोय हो. पण आईचा नाही येत."

"आईचा म्हणजे? तुम्ही वेगळा आवाज निवडला होता का?"

"निवडायचा कशाला? तो आईचाच होता. बाबांनी तिच्या ऑपरेशनच्या आधी भरून ठेवला होता. तुमच्या त्या बोलकीत जे बोलतं ना, ती माझी आई आहे."

इतकी वर्षं गाठवाली तो आवाज बांधत होती, तपासत होती, पुढे देत होती. तो कुणा जिवंत बाईचा असेल आणि ती बाई तो रोज वापरत असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "चूक माझ्याकडून झाली आहे. मी शोधते. बाबांकडे मूळ फायली असतील ना?"

"बाबा नाहीत. आणि त्यांचा कॉम्प्युटर..."

मग माझा शोध सुरू झाला. जुन्या फायलींचं मशीन सांभाळणारा त्यांचा एक सोबती होता. तो म्हणाला, "अगं, ते पुसायला काढलंय. जागाच उरली नाही. पुढच्या आठवड्यात सगळं साफ."

"हात लावू नकोस!" गाठवाली एवढ्या जोरात ओरडली, की तो बिचारा दचकला. "एक गठडी काढून दे मला. मग खुशाल पूस."

मित्रांनो, त्या मशीनवर माझ्या आजूबाजूला असल्या कितीतरी जुन्या गठड्या होत्या. आपल्याला कुणी आता विचारणार नाही, हे धरूनच आम्ही पडलो होतो. मला उचललं तेव्हा खरं सांगते, मला रडू आलं.

गाठवालीनं माझा ठसा काढला आणि आपल्या जुन्या कृतीतल्या ठशाशी लावून पाहिला. अक्षर न अक्षर जुळलं. पण ती तिथं थांबली नाही. नियम तिनंच मान्य केला होता आणि काकूंच्या मायेपोटी तो मोडायचा तिला अधिकार नव्हता. तिनं माझी गाठ पूर्ण सोडली. माझ्यातला कोड कोठारातल्या कोडशी ओळीला ओळ लावून तपासला. उरला आवाज. तो वाचून थोडाच तपासता येतो? तो ऐकायचा ठरला. सुटीच्या दिवशी खिडकीशी बसून, कानांना हेडफोन लावून, तिनं सगळे तुकडे ऐकले, आणि मग 'कच्चं' उघडलं.

त्यात काकू वाचत होत्या. वाचता वाचता खोकत होत्या, हसत होत्या. एका गोष्टीत त्या अडखळल्या आणि म्हणाल्या, "अहो, आधी डोळे पुसा, मग बटण दाबा." पाठोपाठ एका पुरुषाचा आवाज आला. अगदी हळू, माइकच्या मागून. "तू वाच गं. मी ऐकतोय. मी तुझं सगळं ऐकत आलोय."

गाठवालीनं लेकीला फोन लावला. "ताई, आवाज सापडला. पण आईंना एक विचारायचंय. कच्च्या ध्वनिमुद्रणांत तुमचं घरचं बोलणं आहे. ते सगळ्या जगाकडे जाऊ नये असं मला वाटतं. त्यात बाबाही बोलले आहेत."

"बाबा?" लेक मधेच म्हणाली. "अहो, आमच्याकडे बाबांचा आवाजच नाही. कुठेच नाही. गावभरच्या लोकांचे आवाज भरून दिले त्यांनी, स्वतः कायम माइकच्या मागं."

शेवटी असं ठरलं. कोड कोठारातूनच घ्यायचा, आपोआप बांधलेला. काकूंच्या आवाजाच्या कापलेल्या तुकड्यांचं वेगळं पॅकेज करायचं, ऐकून तपासलेलं. 'कच्चं' काढून फक्त काकूंच्या घरी पाठवायचं. बोलपाटीची अटही तिनं नव्यानं लिहिली: बोलकी २.४ पासून पुढची, पण ३च्या अलीकडची. आणि हा आवाज सोबत असलाच पाहिजे, नसेल तर बसवू नका. ३ आलीच, म्हणजे मोठा फेरफार झालाच, तर आधी माणसानं ऐकावं. चाचणीतला प्रश्नही बदलला. आवाज येतो का, यावर भागणार नव्हतं. तोच येतो का, हे आता मूळ आवाजाशी ताडून पाहिलं जातं. तो बसचालकही पुन्हा जुन्या आवाजात भांडू लागला, असं ऐकते.

सुटीची दुपार आली. काकू झाकण उघडायला तयार नव्हत्या. लेकीनंच उघडलं, अपडेट केलं आणि घरी बापाजवळ राहिलेल्या नातीला फोन लावून दिला. काकूंनी टाइप केलं, "सोन्या, जेवलीस का?" घोगरा, मधेच चिरकणारा आवाज.

पलीकडून किंकाळीच आली. "आजीऽऽ! कुठे गेली होतीस तू?"

काकूंना पुढचं टाइपच करता येईना. डोळ्यांना अक्षरं दिसत नव्हती. नात मात्र वाट बघायला तयार होती.

आता शेवटी मी तुम्हाला काही सांगायची रीत आहे, तर सांगते. जुन्या गठड्या टाकूच नका, असं मी म्हणणार नाही. घरात जागा किती असते, मला ठाऊक आहे. एवढंच करा, की टाकायच्या आधी एकदा गाठ सोडून बघा. वरचं लेबल आणि आकडा बघून ठरवू नका. आत कुणाचं तरी माणूस बसलेलं असतं. आणि मित्रांनो, जे आज तुमच्याजवळ बोलतायत, त्यांचं बोलणं भरून ठेवा. जे दुसऱ्यांचं भरतात, त्यांचं तर आधी भरा.

'कच्चं' घरी पोचलं, त्याच्या पुढच्या सुटीला नात आजीकडे राहायला आली होती. काकू खुर्चीत बसल्या होत्या, लेक पायाशी, नात मांडीवर. लेकीनं बटण दाबलं. काकूंची गोष्ट सुरू झाली, अडखळली, आणि मग तो हळू आवाज खोलीत आला. "तू वाच गं. मी ऐकतोय. मी तुझं सगळं ऐकत आलोय."

काकू हलल्या नाहीत. लेकीनं तोंडावर पदर दाबला. नातीनं मान वर करून विचारलं, "आजी, हे कोण बोलले?"

काकूंनी कीबोर्ड जवळ ओढला. सावकाश, एका बोटानं टाइप केलं, आणि त्यांचा घोगरा आवाज अभिमानानं म्हणाला, "हे तुझे आजोबा. ये, ओळख करून देते."